निर्वासिताला दवाखाना मिळतो की नाही, हे जिल्ह्यातली खिडकी ठरवते

२६ मार्च २०२१. म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावून दोन महिनेही झाले नव्हते. गोळीबारातून जीव वाचवून माणसे सीमा ओलांडत होती. त्या दिवशी मणिपूर सरकारच्या गृह विभागाने सीमेवरच्या पाच जिल्ह्यांच्या उपायुक्तांना, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत जिल्हाधिकाऱ्यांना, पत्र पाठवले. अन्न आणि निवाऱ्यासाठी छावण्या उघडू नका, सामाजिक संस्थांनाही उघडू देऊ नका, येणाऱ्यांना सौजन्याने परत पाठवा आणि आधार नोंदणी ताबडतोब थांबवा, असे त्यात होते. वैद्यकीय मदतीला मुभा होती, पण फक्त गंभीर जखमींसाठी.

म्हणजे गोळी लागली असेल तर उपचार मिळतील. ताप, गरोदरपण, मधुमेह, जुलाबाने गळून गेलेले मूल यांबद्दल त्या पत्रात शब्द नव्हता. टीका झाली आणि तीन दिवसांत, २९ मार्चला, सरकारने ते पत्र मागे घेतले. जखमींना इंफाळला नेऊन उपचार देत आहोत, असा खुलासाही केला.

याच महिन्यात शेजारच्या मिझोराममध्ये वेगळे घडत होते. केंद्रीय गृह मंत्रालयाने १० मार्चला म्यानमार सीमेवरच्या चारही राज्यांना कळवले होते की लोकांना आत येऊ देऊ नका, कोणालाही निर्वासित ठरवण्याचा अधिकार राज्याला नाही. मिझोरामचे तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी १८ मार्चला थेट पंतप्रधानांना पत्र लिहून हे आम्हाला मान्य नाही असे सांगितले. गावोगावी चर्च, तरुणांच्या संघटना आणि ग्राम परिषदांनी लोकांना सामावून घेतले. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये सीमेपलीकडे पुन्हा लढाई पेटली, तेव्हा जखमींना चंफाई आणि ऐझॉलच्या रुग्णालयांत नेऊन उपचार झाले.

देश एक, संविधान एक, केंद्राचे पत्रही एकच. तरीही सीमेच्या कोणत्या भागातून माणूस आत आला यावर त्याचा दवाखाना ठरला. निर्वासितांच्या आरोग्याचा विषय निघाला की आपण दिल्लीकडे, संसदेकडे, संयुक्त राष्ट्रांकडे बघतो. प्रत्यक्षात निर्णय बहुतेक वेळा जिल्हाधिकारी कार्यालयात, महापालिकेच्या दवाखान्यात आणि केसपेपरच्या खिडकीवर होतो. हे कसे घडते आणि कार्यकर्त्यांनी त्यात काय करायचे, ते या लेखात मांडत आहोत.

कायदाच नाही, म्हणून अधिकारी हाच कायदा

भारताने निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही. देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. कायद्याच्या नजरेत निर्वासित हा फक्त 'परदेशी' असतो. पूर्वी त्याला १९४६ चा परदेशी नागरिक कायदा लागू होता, १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू आहे. काही गटांना संयुक्त राष्ट्रांचे निर्वासित कार्यालय ओळखपत्र देते, पण ते कार्ड दाखवल्यावर सरकारी योजना मिळेलच असे नाही.

आता संविधानाची सातवी अनुसूची पाहा. नागरिकत्व आणि परदेशी व्यक्ती हे विषय केंद्राच्या सूचीत आहेत. सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, रुग्णालये आणि दवाखाने हे राज्याच्या सूचीत आहेत. राज्य यातले बरेच काम जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महापालिकेवर सोपवते. म्हणजे 'हा माणूस कोण' हे केंद्र सांगणार आणि 'याला औषध द्यायचे का' हे स्थानिक यंत्रणा सांगणार. दोघांच्या मध्ये जी फट राहते, तिथे निर्वासित अडकतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट आहे. संविधानाचे कलम २१ जीविताचे संरक्षण 'व्यक्ती'ला देते. कलम १४ मधील समानताही 'व्यक्ती'साठी आहे. जिथे फक्त नागरिकांना हक्क द्यायचा होता, तिथे संविधानाने 'नागरिक' असाच शब्द वापरला आहे, उदाहरणार्थ कलम १९. बाबासाहेब आणि मसुदा समितीच्या हातून आलेल्या संविधानातला हा फरक अपघाताने आलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात सांगितले की जखमी माणसाचा जीव वाचवणे हे डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे, कागदोपत्री सोपस्कार नंतर. १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या प्रकरणात, सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा कलम २१ चा भंग आहे, असे ठरले. यातल्या कुठल्याही निकालात 'आधी आधार दाखवा' अशी अट नाही.

चकमांची गोष्ट: एका टेबलावर अडलेले अर्ज

बौद्ध तरुणांनी या विषयातले एक प्रकरण तरी नीट माहीत करून घ्यावे. ते चकमांचे.

चकमा हे चितगाव डोंगराळ भागातले मुख्यतः बौद्ध लोक. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात कर्णफुली नदीवर काप्ताई धरण झाले आणि त्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. सोबत धार्मिक छळही होता. १९६४ पासून हजारो चकमा आणि हाजोंग भारतात आले. सरकारनेच त्यांना ईशान्य सीमावर्ती प्रदेशात, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात वसवले. काही दशकांनी तिथे त्यांच्याविरुद्ध वातावरण तापले. १९९० च्या दशकात तिथल्या विद्यार्थी संघटनेने त्यांना राज्य सोडण्याची मुदत दिली आणि वस्त्यांची नाकेबंदी झाली. धान्य अडले, औषधेही अडली.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोग हे प्रकरण घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ जानेवारी १९९६ च्या निकालात न्यायालयाने, नाकेबंदीमुळे औषधांवाचून चकमा दगावत होते ही बाब सिद्ध झाल्याचे मानले. राज्यातल्या प्रत्येक चकमाच्या जीविताचे आणि स्वातंत्र्याचे रक्षण करा, त्यांना बळाने हुसकावू देऊ नका, असे बजावले.

याच निकालात आणखी एक मुद्दा आहे, जो आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. चकमांनी नागरिकत्वासाठी अर्ज केले होते. अर्जावर निर्णय केंद्राने घ्यायचा होता. जिल्ह्याच्या उपायुक्ताचे काम एवढेच होते की अर्ज स्वीकारावा आणि आपला अहवाल जोडून पुढे पाठवावा. ते अर्ज पुढे गेलेच नाहीत. न्यायालयाला सांगावे लागले की अर्ज पुढे पाठवणे हे या अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, तो ते अडवून ठेवू शकत नाही.

विचार करा. कायदा चकमांच्या विरोधात नव्हता. केंद्राने नकार दिलेला नव्हता. फक्त जिल्ह्यातल्या एका टेबलावरून कागद हलला नाही. नागरिकत्व नाही म्हणून मतदान नाही, मत नाही म्हणून लोकप्रतिनिधीला गरज नाही, आणि गरज नाही म्हणून रस्ता, शाळा, आरोग्य केंद्र यांसाठी भांडायला कोणी नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला की पात्र चकमा-हाजोंगांच्या नागरिकत्वाचे काम तीन महिन्यांत पूर्ण करा. पहिला निकाल आणि दुसरा निकाल यांत १९ वर्षे गेली. तेवढ्यात एक पिढी वाढून मोठी झाली.

दार उघडायचे ठरवले तर उघडते

स्थानिक सत्ता फक्त अडवते असे मात्र नाही. ती मनात आणले तर दार उघडूही शकते.

तामिळनाडूने छावण्यांत राहणाऱ्या श्रीलंकन तमिळ निर्वासितांना आपल्या मुख्यमंत्री आरोग्य विमा योजनेत घेतले, तेही उत्पन्नाची अट न लावता. त्यासाठी राज्याला संसदेत नवा कायदा व्हायची वाट पाहावी लागली नाही. योजनेच्या पात्रतेच्या यादीत एक ओळ वाढली, एवढेच.

तिबेटी निर्वासितांसाठी केंद्राने २०१४ मध्ये पुनर्वसन धोरण आणले. सरकारी योजनांचा लाभ तिबेटी वस्त्यांनाही मिळावा असे त्यात म्हटले, पण अंमलबजावणी राज्यांवर सोपवली. त्यामुळे चांगले धोरण दिल्लीत लिहून झाले तरी ते वस्तीपर्यंत पोहोचवायला राज्याचा आणि जिल्ह्याचा आदेश लागतो. हे आपल्याही दारातले आहे. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वस्ती १९७२ पासून आहे. विदर्भातल्या आपल्या किती कार्यकर्त्यांनी तिथे जाऊन आरोग्याची कोणती योजना लागू होते, कोणती नाही, हे विचारले आहे?

दिल्लीच्या कालिंदी कुंज भागातल्या रोहिंग्या वस्तीचे उदाहरण वेगळे आहे. १५ एप्रिल २०१८ ला त्या वस्तीला आग लागली. झोपड्यांबरोबर अनेकांची कागदपत्रेही जळाली. त्या काळात पाणी, शौचालये, आरोग्य आणि शिक्षण यांबाबतची याचिका सर्वोच्च न्यायालयात सुरू होती. मे महिन्यात ठरले की तक्रारी घेऊन तिथल्या उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे जावे, ते समन्वय अधिकारी असतील. देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयात गेलेला प्रश्न शेवटी प्रांताच्या कचेरीत परत आला.

कोरोनाच्या लसीचेही तसेच झाले. सुरुवातीला ठरवून दिलेल्या सात ओळखपत्रांपैकी एक असल्याशिवाय नोंदणी होत नव्हती. मे २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ओळखपत्र नसलेल्यांसाठी कार्यपद्धती काढली. भटके लोक, साधू, तुरुंगातले कैदी, भिकारी अशी उदाहरणे दिली, पण आपल्या जिल्ह्यात असे लोक कोण आहेत हे शोधायचे काम जिल्हा कृती दलावर टाकले. ज्या जिल्ह्याने शोधले तिथल्या लोकांना लस मिळण्याची वाट मोकळी झाली. जिथे कुणी शोधलेच नाही, तिथे परिपत्रक फाइलमध्ये राहणार.

नेमके कुठे अडते

निर्वासितांच्या उपचाराची वाट साधारण चार ठिकाणी अडते.

पहिली जागा केसपेपरची खिडकी. ओपीडीत तपासणीसाठी नाव, वय आणि पत्ता पुरेसा असायला हवा. पण खिडकीवरचा कर्मचारी सवयीने आधार मागतो. नियम काय आहे हे त्यालाही माहीत नसते आणि रुग्णालाही. मागे रांग असते. माणूस निमूट परत जातो. या नकाराची कुठेही नोंद होत नाही, म्हणून तो आकडेवारीत कधीच दिसत नाही.

दुसरी जागा वस्तीच. सरकारी आरोग्य यंत्रणा घरापर्यंत येते ती आशाताई आणि अंगणवाडी ताईंमार्फत. पण वस्ती 'अनधिकृत' म्हणून सर्वेक्षणातच धरली नाही तर ना लसीकरणाची यादी होते, ना गरोदर बाईची नोंद. नळ नाही, टँकर अनियमित, शौचालये मोजकी. मग खरूज, जुलाब, कावीळ होणारच. इथे डॉक्टरपेक्षा महापालिकेचा पाणीपुरवठा आणि स्वच्छता विभाग जास्त महत्त्वाचा ठरतो.

तिसरी जागा पैसा. क्षयरोगाचे औषध सरकारी केंद्रात मोफत आहे. पण निक्षय पोषण योजनेचे पैसे बँक खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम दरमहा १००० रुपये आहे. खाते उघडायला कागद लागतो. म्हणजे गोळी मिळते आणि गोळी पचवायला लागणारे अन्न मिळत नाही. शस्त्रक्रियेची वेळ आली तर प्रश्न आणखी मोठा. आपल्या राज्यातली महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना असो वा केंद्राची आयुष्मान भारत, दोन्हींत प्रवेश रेशनकार्ड, लाभार्थी यादी आणि ओळखपत्र यांतूनच होतो.

चौथी जागा भीती. २०२५ च्या नव्या कायद्यानुसार परदेशी व्यक्तीला भरती करून उपचार करणाऱ्या रुग्णालयाने त्याची माहिती नोंदणी अधिकाऱ्याला द्यायची आहे. ज्याच्याकडे व्हिसा नाही, त्याला दवाखान्याची पायरी चढताना पोलीस ठाणे दिसते. मग बाळंतपण झोपडीत होते आणि ताप अंगावर काढला जातो. अशा वेळी स्थानिक अधिकारी रुग्णाशी कसा बोलतो यावर वस्तीतल्या पुढच्या दहा माणसांचा निर्णय अवलंबून असतो.

अडवल्याने पैसे वाचतात का?

'सगळ्यांना उपचार द्यायला पैसा कुठून आणायचा?' हा प्रश्न नेहमी येतो. त्याचे उत्तर शोधायला जर्मनीकडे पाहू, कारण तिथे याचा हिशेब मांडला गेला आहे.

जर्मनीत १९९३ च्या कायद्याने आश्रय मागणाऱ्यांना सुरुवातीच्या काळात मुख्यतः तीव्र आजार, वेदना, बाळंतपण आणि लसीकरण एवढ्यापुरतेच उपचार ठरवले. बऱ्याच ठिकाणी आजारी माणसाने आधी समाजकल्याण कार्यालयात जायचे, तिथून उपचाराची चिठ्ठी घ्यायची आणि मग डॉक्टरकडे जायचे. चिठ्ठी द्यायची की नाही हे ठरवणारा कारकून डॉक्टर नसतो. ब्रेमेन शहराने २००५ मध्ये आणि हॅम्बुर्गने २०१२ मध्ये ही चिठ्ठी बंद केली आणि इतर विमाधारकांसारखे आरोग्य कार्ड निर्वासितांच्या हातात दिले. नंतर नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याने कार्ड द्यायचे की नाही हे एकेका नगरपालिकेवर सोडले. थोड्याच नगरपालिकांनी ते स्वीकारले. त्यामुळे एकाच राज्यात, शेजारशेजारच्या दोन गावांत, एकाच देशातून आलेल्या दोन माणसांसाठी दोन नियम झाले.

काय्वान बोझोर्गमेहर आणि ओलिव्हर राझुम या संशोधकांनी १९९४ ते २०१३ या काळातला जर्मनीचा खर्च तपासला आणि २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांच्या उपचारांवर बंधने होती त्यांच्यावरचा दरडोई खर्च पूर्ण हक्क असलेल्यांपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त निघाला. याचे एक कारण समजायला अवघड नाही. वेळेवर न तपासलेला आजार पुढे अतिदक्षता विभागात पोहोचतो, आणि चिठ्ठ्या वाटण्याची कचेरीही फुकट चालत नाही.

'आधी आपल्या लोकांचे बघा'

हा आक्षेप आपल्या वस्त्यांतूनही येतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. सरकारी दवाखान्यात आपल्याच माणसाला खाट मिळत नाही, औषध बाहेरून आणा म्हणतात, हे खरे आहे. पण निर्वासिताला नाकारल्याने ती खाट आपल्याला मिळत नाही. खाटा कमी आहेत त्या अर्थसंकल्पामुळे.

दुसरे असे की कागदाची भिंत फक्त परदेशी माणसासाठी उभी राहत नाही. पालावर राहणारी पारधी बाई, ऊसतोडीला गेलेले कुटुंब, पुलाखाली झोपणारा कचरावेचक, जातीचा आणि रहिवासाचा दाखला नसलेला भटका माणूस हे सगळे त्याच खिडकीवर अडतात. 'आधी माणूस, मग कागद' हा नियम निर्वासितासाठी मिळवला तर तो त्यांच्यासाठीही मिळतो. आणि क्षयरोगाचा जंतू कुणाचे नागरिकत्व विचारत नाही. एका वस्तीत उपचार अर्धवट राहिले तर शेजारची वस्ती सुरक्षित राहत नाही.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे बोलली पाहिजे. मिझोरामने म्यानमारच्या चिन लोकांना जवळ केले त्यामागे रक्ताचे आणि भाषेचे नाते होते. चकमा आणि तिबेटी बौद्ध आहेत म्हणून आपल्याला त्यांचे दुःख लवकर कळते. नात्याने सुरुवात होणे स्वाभाविक आहे. पण करुणा नात्यापाशी थांबली तर ती गटबाजी होते. चकमांसाठी जो हक्क आपण मागतो, तोच दिल्लीतल्या रोहिंग्या मुलासाठी मागता आला पाहिजे. म्यानमारमध्ये त्यांच्यावर अत्याचार करणाऱ्या काहींनी बौद्ध धर्माचे नाव घेतले, म्हणून तर आपली जबाबदारी अधिकच वाढते.

आपण काय करू शकतो

पहिले, माहिती अधिकाराचा अर्ज. माहिती मागण्याचा हक्क कायद्याने फक्त नागरिकाला आहे, निर्वासित स्वतः अर्ज करू शकत नाही. आपण करू शकतो. आपल्या महापालिकेला आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी विचारा: केसपेपरसाठी कोणते ओळखपत्र सक्तीचे आहे? तसा आदेश असल्यास त्याची प्रत द्या. आदेशच नाही असे उत्तर आले, तर तोच कागद खिडकीवर दाखवता येतो.

दुसरे, अंगणवाडी. सहा वर्षांखालील किमान ४० मुले असलेल्या वस्तीने मागणी केल्यास तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा आदेश आहे. मुलांची संख्या मोजून अर्ज करा.

तिसरे, सोबत जा. पहिल्या भेटीत एक स्थानिक माणूस शेजारी उभा असला की बोलण्याचा सूर बदलतो. भाषा येत नसेल तर दुभाषा शोधा. बाईच्या आजारात दुभाषाही बाईच हवी.

चौथे, विधी सेवा प्राधिकरण आणि मानवाधिकार आयोग. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिला आणि बालकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. मानवाधिकार आयोगाकडे पीडिताच्या वतीने कोणीही तक्रार करू शकतो. चकमांचे प्रकरण अशाच तक्रारीतून पुढे गेले होते.

पाचवे, सांभाळून. निर्वासितांच्या नावांच्या याद्या, ओळखपत्रांचे आणि चेहऱ्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरवू नका. आपल्या उत्साहाची किंमत त्यांना मोजावी लागू शकते.

निर्वासितांसाठी राष्ट्रीय कायदा हवाच, ती मागणी सोडायची नाही. पण तो येईपर्यंत आज रात्री ताप आलेले मूल थांबू शकत नाही. त्याचा केसपेपर आपल्याच शहरातल्या एका खिडकीवर निघणार आहे. ती खिडकी कुठे आहे, तिथे कोण बसते आणि तो कोणत्या आदेशाने काम करतो, हे या आठवड्यात जाऊन विचारा.

जय भीम. नमो बुद्धाय.